पाणी कोणाच्या वावरात थांबते?

(बुलढाणे जिल्ह्यात घाटाच्या पायथ्याच्या एका गावी, अखजीच्या तिसऱ्या दिवशी, पारावर जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण.)



परवा अखजी झाली. तुमच्यापैकी किती जण भेंडवळला जाऊन आले, हे मी विचारीत नाही. विचारले तर निम्मी सभा हात वर करील आणि मलाही करावा लागेल. जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या गावी अखजीच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कोणते धान्य किती हलले हे पाहून सालाचा पाऊस व पीक सांगतात. माझे वडील चिखलीकडून पायी जात. रात्रभर उंदीर फिरतात, वारा सुटतो, मुंग्या येतात, धान्य हलावयाचेच. पण मी आज त्या धान्याशी भांडावयास आलेलो नाही. माझे भांडण आपल्या प्रश्नाशी आहे. दरसाल आपण एकच विचारतो, पाऊस किती पडेल? पडलेला पाऊस आपल्या शिवारात थांबला किती, हे गेल्या दिवाळीला कोणी कोणास विचारले होते काय?

हिशेब पाहा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे दहा टँकर. आपल्या जिल्ह्यात साधारण सालात 700 ते 800 मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे 28 इंच तरी धरा. तेव्हा ज्याला एकच एकर जमीन आहे त्याच्याही धुऱ्याच्या आत सालभरात 280 टँकर पाणी आभाळातून फुकट उतरते. आणि तोच माणूस चैत्रात एका टँकरपुढे गुंड घेऊन उभा असतो. खरे म्हणजे तो नसतो, त्याची बायको उभी असते.

कोणी म्हणेल, गणित कागदावर ठीक आहे, पाऊस असा थोडाच मोजून पडतो? खरे आहे. आषाढात पंधरा दिवस डोळे लावावयाचे, आणि मग एका रात्रीत चार इंच. आपली काळी जमीन आरंभी भेगांतून पाणी गटागट पिते, पण फुगली की तोंड मिटते. मग वरचे पाणी उताराने पळते आणि पळताना वरची माती घेऊन जाते. नाल्याला जो चहासारखा पूर येतो, तो तुमच्या बापाने शेणखत घालून पोसलेला थर आहे. सावकार जमीन नेतो तेव्हा निदान कागद करतो. पाणी कागदही करीत नाही.

मी घाटावरचा माणूस, तुम्ही घाटाखालचे. आपल्या जिल्ह्याचे हे दोन भाग आजा-पणजापासून एकमेकांस सोयरिकी देतात, पण पाण्याच्या बाबतीत एकमेकांस ओळखत नाहीत. अजिंठ्याच्या रांगेवर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. बुलढाण्याजवळ उगवणारी पैनगंगा मेहकराकडून पूर्वेला जाते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्रास मिळते. इकडे नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा घाट उतरून उत्तरेस पूर्णेला भेटतात आणि तापीवाटे पश्चिमेच्या समुद्रास जातात. एकाच टेकडीच्या माथ्यावर दोन थेंब वीतभर अंतराने पडले तर त्यांची पुढे कधी गाठ पडत नाही. म्हणून जो कोणी म्हणतो की वरच्यांनी पाणी अडविले तर खालच्यांचे मरण होईल, त्याने आधी आपले पाणी येते कोठून हे पाहावे. माथ्यावर जिरलेले पाणीच पौषात तुमच्या नाल्याला पाझरून येते. माथा उघडा पडला, की तुम्हांला श्रावणात पूर आणि माघात धूळ.

पायाखाली काय आहे तेही सांगतो, कारण ह्या अज्ञानापायी माझे घर बुडाले आहे. आपल्या घाटावर आणि पायथ्याला वरती माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली फुटका मांजऱ्या खडक आणि मग काळा कठीण पाषाण. पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ती काही जमिनीखालची गंगा नव्हे. ती एक जुनी रांजणी आहे, आणि सगळ्या गावाची मिळून एकच आहे. वरून झाकणे वेगळी, म्हणून आपण समजतो की रांजण्याही वेगळ्या.

आमच्या घरी तिघा भावांत एक विहीर होती. वडील आणि दोन काका. पाळी ठरलेली, दोन-दोन दिवस मोट आणि एक दिवस विहिरीला विसावा. हा विसावा धर्माचा नव्हता, बैलांचा होता. बैल दमत म्हणून विहीर वाचे. त्या मोटेचे चामडे शिवले चर्मकार दादांनी, नाडा आणि सोंदूर वळला मातंग बांधवांनी, चाक केले सुताराने, त्याचा आस लोहाराने. इतक्या हातांनी पाणी वर आले. त्यांना सुगीला बलुते मिळाले. पाणी मात्र कोणाला मिळाले नाही. उलट ज्यांच्या हातच्या चामड्यातून ते पाणी ओंडळून थारोळ्यात पडे, त्यांना त्याच विहिरीच्या पायऱ्या उतरण्याची बंदी होती! जोतीराव फुल्यांनी 1868 साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. आमच्या गावच्या विहिरींना ते समजावयास पुढे कित्येक वर्षे लागली. ही गोष्ट मी उगीच उकरीत नाही. पाण्याची वाटणी म्हणजे काय, हा आज रात्रीचा विषय आहे, आणि शेवटी मी तिच्याकडेच येणार आहे.

मग मोटार आली. मोटार दमत नाही. विहिरीचा विसावा गेला. तरी काही वर्षे ढकलली. पुढे मी, होय मीच, दुसऱ्या कोणी नव्हे, डाळिंबाच्या नादाने काकांच्या विहिरीपासून वीस हातांवर बोअर घेतली. तीनशे फूट. पाणी लागले तेव्हा मी पेढे वाटले. त्या माघात काका सकाळी माझ्या दारी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बापू, आपली इहीर गेली." आपली म्हणाले, माझी म्हणाले नाहीत. त्यांना बसा म्हणण्याचे तोंड मला राहिले नव्हते. दोन वर्षांनी शेजाऱ्याने पाचशे फूट घेतली आणि माझी बोअर हवा ओकू लागली. बाग वाळली, कर्ज राहिले. काकांनी मला कधी बोल लावला नाही; ते गेले तेव्हा त्यांच्या वावरात ती विहीर कोरडी होती आणि तिच्यात बाभळीचा पाला पडला होता.

आता 2009 सालचा भूजलाचा कायदा आहे, आणि 60 मीटरांहून खोल बोअर शेतीसाठी घेण्यास त्यात आडकाठी आहे. कायदा कपाटात असतो आणि बोअरची गाडी रात्री येते. तेव्हा पोलिसांची वाट पाहण्यात अर्थ नाही. ही रांजणी आपली आहे असे ज्या गावाने मनावर घेतले तेच गाव वाचते.

हे मी नवे सांगतो आहे काय? मुळीच नाही. जोतीरावांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात केवळ रडगाणे नाही. डोंगरावरून वाहून जाणारा पालापाचोळा व माती शेतातच अडावी अशा बेताने सरकारने ताली आणि बांध घालावेत, त्या कामी पलटणी व पोलीस लावावेत, जुनी तळी दुरुस्त करावीत, आणि पाणाड्यांकडून शेतोशेतीच्या पाण्याच्या जागा शोधून नकाशात नोंदवाव्यात, असे त्यांनी सुचविले आहे. आणि ते लिहून स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. खडकवासल्याचा कालवा निघाला तेव्हा शेतकरी ते पाणी घेण्यास बिचकत होते. जोतीरावांनी मांजरीला जमीन घेऊन त्या पाण्यावर बागायत करून दाखविली. आज माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवा असे जे व्याख्याते सांगत फिरतात, त्यांनी हे पान वाचले असते तर त्यांचा प्रवासखर्च वाचला असता. मी माझा प्रवासखर्च घेतलेला नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आणि त्याच्याही आधीचे पाहा. सिंदखेडराजाला आपण 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवास लाखोंनी जातो. तेथे जाधवांच्या काळचा मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, बारवा आहेत. आपण तलावाच्या पाळीवर उभे राहून फोटो काढतो आणि भाकरी खाऊन परत येतो. पण ह्या कोरड्या मुलखात राजाचा वाडा टिकावयाचा तर आधी तळे पाहिजे, ही अक्कल चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांना होती. आणि ती पाळ कोणी रचली? राजाने दगड उचलले नाहीत. वडार, बेलदार, पाथरवट आणि डोक्यावर टोपली घेणाऱ्या बाया, ह्यांनी ती रचली. त्यांची नावे कोठल्याही शिलेवर नाहीत.

तुमचा हा पाझर तलावसुद्धा तसाच. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर ज्यांनी माती वाहिली, त्यांतल्या दोन-तीन म्हाताऱ्या समोर बसल्या आहेत. पोटासाठी खोदलेल्या त्या तलावाखाली आज बारा-चौदा विहिरी आहेत, असे मला दुपारी फिरताना दिसले. त्या विहिरी कोणाच्या? तलाव खोदणाऱ्यांपैकी किती जणांच्या? मी मोजले. एकाही म्हातारीच्या घरची त्यात नाही.

म्हणून आता कामाच्या गोष्टीकडे येतो. तुमच्या गावाने ह्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढण्याचे ठरविले आहे, आणि त्यावरून तट पडले आहेत, असे कळले म्हणूनच मला बोलावणे आले. गाळ काढणे हे उत्तम काम आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव ह्या कामात देशभर गाजले आहे. हमरस्त्याच्या भरावाला माती-मुरूम पाहिजे असतो आणि तळ्यांना खोली पाहिजे असते. तेव्हा तळी-नाले खोदून ती माती रस्त्याला वापरावी, म्हणजे ठेकेदारालाही माती मिळते आणि गावालाही तळे मिळते, ह्या पद्धतीस ‘बुलढाणा पॅटर्न’ असेच नाव पडले. 2017 पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाही आहे. 

पण बंधूंनो, खोदणे निराळे आणि उकरणे निराळे. ठेकेदाराला मुरूम पाहिजे, तुम्हांला तलाव पाहिजे. गाळ निघाला, मूळचा तळ लागला, की मशीन थांबले पाहिजे. त्याच्याखालचा मुरूम काढाल तर रस्ता पक्का होईल आणि तलावाचा तळ बिघडेल. नाल्याचेही तेच. नाला शेजारच्या विहिरीच्या पाण्याहून खोल नेला तर विहिरीतले पाणी नाल्यात उतरून वाहून जाते; पाणी जिरविण्याऐवजी उपसण्याचा तो एक नवा मार्ग होतो. पाळीच्या पायथ्याशी तर फावडेही लावू नका. मशीनवाल्याला तासावर पैसे मिळतात. कोठे थांबावे हे सांगण्यास गावाचा माणूस तेथे उभा पाहिजे, आणि तो ज्याची ट्रॉली भाड्याने चालू आहे असा नसावा.

आता तो गाळ कोणी न्यावयाचा? येथेच तट पडले आहेत. एका एकरावर पाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटे, थर द्यावयाचा तर 200 घनमीटर गाळ लागतो. तीन घनमीटरची ट्रॉली धरली तर सत्तरच्या जवळपास खेपा. ज्याच्या दारी ट्रॅक्टर आहे तो रात्रीत पंधरा खेपा मारील. ज्या बहिणीचा नवरा गेला आहे आणि टेकाडावर दीड एकर बरड आहे, ती कोणत्या ट्रॅक्टरने आणील? आणि गंमत अशी की गाळाची गरज बरडालाच असते. आधीच भारी असलेल्या काळ्या जमिनीवर आणखी गाळ टाकणे म्हणजे जेवून उठलेल्यास पुन्हा पंगतीला बसविणे. ती जमीन आणखी चिबडेल. तरी गाळ जातो मात्र काळ्या जमिनीतच, कारण ट्रॅक्टर तिच्या मालकाकडे आहे. तेव्हा माझे म्हणणे असे की पहिले आठ दिवस गाळ फक्त हलक्या जमिनीला आणि पाच एकरांच्या आतल्यांना द्यावा. ज्यांना ट्रॅक्टर नाही त्यांच्या खेपांचे डिझेल सर्वांनी वर्गणीतून द्यावे. आणि आपल्या कुंभार दादांना त्यांच्या चाकाला लागणारी चिकण माती त्यांनी स्वतः निवडून न्यावी. पिढ्यान् पिढ्या ह्या तळ्याची माती त्यांच्या आव्यात गेली आहे; आज त्यांना परवानगीचा अर्ज करावयास लावू नका.

तलाव खोल झाला, पाणी साठले, पुढे काय? आत्ताच मला तलावात चार मोटारी दिसल्या. पाझर तलाव कशासाठी असतो? पाणी जिरून खालच्या विहिरींत उतरावे ह्यासाठी. त्यात थेट मोटार सोडणे म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकात रात्रीच पातेले घेऊन शिरणे होय. सकाळी पंगत बसते तेव्हा भात नसतो, आणि नेणारा सर्वांत मोठ्याने विचारतो, भात कोठे गेला?

वाटणी होऊ शकते, हे सांगण्यास मला परदेशी जावे लागत नाही. मलकापूर ओलांडले की खानदेश लागतो. तेथे पांझरेच्या काठी काही शतके चालत आलेली फड-पद्धत आहे. गावाने नदीला बंधारा घालावयाचा, कालवा काढावयाचा, कालव्याखालच्या जमिनीचे फड पाडावयाचे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, म्हणजे पाणी एकाच वेळी, एकाच हिशेबाने सुटते. पाणी सोडण्यास पाटकरी ठेवलेला. शेतकऱ्याने स्वतः दार उघडावयाचे नाही. आणि ज्या साली पाणी कमी, त्या साली ओलिताचा फडच कमी करावयाचा. जो तो आपल्या वाट्यापुरता आखडतो, एकाच्याच गळ्याला फास बसत नाही. 

दुसरे उदाहरण अधिक जवळच्या काळाचे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावी विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या डोक्यांच्या मापाने. माणशी अर्धा एकर ओलित आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावावयाचा नाही. खर्चाचा वाटा ज्याने त्याने द्यावयाचा. आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ह्या शेवटच्या कलमाला लोक हसतात. भूमिहीन पाणी घेऊन करणार काय, पिणार किती? अहो, तो दुसऱ्याची कोरडवाहू जमीन बटाईने करील आणि आपला पाण्याचा वाटा त्यात घालील. मग तो हात पसरून सालदारकी मागावयास येणार नाही, भागीदार म्हणून येईल. हसणाऱ्यांना नेमके हेच खुपत नाही ना?

पाणी थोडेच असेल तर ते घालावयाचे कसे, ह्याबद्दल थोडे बोलतो. ह्यात शास्त्र आहे, पण ते आपल्या हाताबाहेरचे नाही. पहिली गोष्ट, पेरणी उताराला आडवी करा. तिफण उतारावरून खाली चालविणे म्हणजे पाण्याला पळावयास सरते पाडून देणे होय. दुसरी, सोयाबीन-तुरीत शेवटच्या डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोरी घट्ट गुंडाळा, म्हणजे दोन ओळींत आपोआप सरी पडते. थोड्या पावसात ती पाणी धरते आणि झडीत जादा पाणी काढून देते. अकोल्याचे कृषी विद्यापीठही हेच सांगते, आणि खर्च दोरीचा. दोरी वळणारे हात आपल्या गावात आहेत.

तिसरी गोष्ट शेततळ्याची. 30 मीटर लांब, 30 रुंद, 3 खोल, उतरत्या बाजूंचे तळे सुमारे 22 लाख लिटर पाणी धरते. एका एकराला पाच सेंटिमीटरचे एक हलके ओलित द्यावयाचे तर दोन लाख लिटर लागते. म्हणजे उन्हाने नेलेले आणि झिरपलेले वजा जाता सात-आठ एकर हरभऱ्याला एक ओलित होते. ऐन फुलोऱ्याच्या आधी एक आणि घाटे भरताना जमल्यास दुसरे, इतक्याने हरभरा हसतो. त्याला धो धो पाणी दिले तर तो नुसता वाढतो आणि घाटे धरीत नाही. शेततळ्याचे पाणी वैशाखापर्यंत जपून ठेवू नका. वैशाखात ऊन दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर पाणी उडवून नेते. ते तुमचे ना माझे. आणि बोअरने जमिनीतले पाणी उपसून प्लॅस्टिक घातलेल्या शेततळ्यात उन्हात वाळत घालतात, त्याला मी शेती म्हणत नाही. सरकारी अनुदानाच्या फोटोत ते निळेशार दिसते एवढेच.

ज्यांच्या सोयरिकी खाली पूर्णेकाठी आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या बाजूच्या खारपाणपट्ट्यात आपल्या लेकी दिलेल्या आहेत. बुलढाणे, अकोला, अमरावती मिळून हा पट्टा सुमारे 4.7 लाख हेक्टरांचा आहे. तेथे विहीर खणावी तो खारे पाणी. पिऊन माणसांना मूत्रपिंडाचे दुखणे, पिकाला दिले तर जमीन चोपण. त्यांना विहिरीचा उपयोग नाही. त्यांचे सोने म्हणजे आभाळाचे पाणी. लोणारला पाहा, विवरातले सरोवर खारट आणि काठावरची धार मात्र बारमाही गोडी. वरून आलेले पाणी खाऱ्यात मिसळण्याआधी धरले तर ते गोड राहते, एवढेच खारपाणपट्ट्याचे शास्त्र आहे. तेथे शेततळे हा शौक नव्हे, जीव आहे. पण एक धोका सांगतो. जिगावसारख्या मोठ्या प्रकल्पाचे पाणी त्या भारी जमिनीवर दांडाने मोकाट सोडाल तर खालचा क्षार वर येईल आणि दहा वर्षांत पऱ्हाटीच्या जागी पांढरी खपली दिसेल. तेथे तुषार पाहिजे, मोजके पाणी पाहिजे, आणि पाणी आणण्याआधी जादा पाणी बाहेर काढणारे चर पाहिजेत. धरणासाठी ज्या गावांनी आपली घरे-वावरे दिली, त्यांच्या त्यागाची अशी माती होऊ नये.

मायबहिणींनो, मी पाहतो की तुम्ही पाराच्या खाली बसल्या आहात आणि पुरुष वर. पाण्याचे घागरीचे ओझे तुम्ही वाहता आणि पाण्याचे बोलणे हे करतात. उद्याच्या पंचात निम्म्या बाया नसतील तर त्या पंचाला मी पंच म्हणणार नाही, कारण विहीर कोणत्या दिवशी किती हात खाली गेली हे गावात तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दोर तुमच्या हातात असतो. दर पंधरा दिवसांनी तलावाखालच्या चार विहिरींची पातळी दोराने मोजून शाळेच्या भिंतीवर लिहा. दिवाळीला तो आकडा पाहून रब्बी किती एकर पेरावयाची ते ठरवा. पाणी चार आणे आणि पेरा सोळा आणे, हा जुगार मी खेळून हरलो आहे.

मला कल्पना आहे की मी जे मागतो आहे ते कठीण आहे. ज्यांच्या चार मोटारी तलावात आहेत तेही काही जमीनदार नव्हेत. त्यांच्याही डोक्यावर बँकेचे कर्ज आहे आणि मोटार काढली तर ह्या साली त्यांची मिरची जाईल. म्हणून मोटारी आज रात्री ओढून काढा असे मी म्हणत नाही. उभे पीक निघेपर्यंत त्यांना मुदत द्या, त्यांच्या विहिरी तलावाखाली खोल करण्यास गावाने हात द्यावा, आणि पुढल्या मृगापासून तलावात एकही मोटार नाही असे सर्वांच्या सह्यांनी लिहून ठेवा. सही येत नसेल त्याचा अंगठा घ्या. पण ज्याला जमीन नाही त्याचीही सही घ्या.

उद्या सकाळी सहाला सांडव्यावर जमायचे आहे. गवंडी दादांनी आपली पाणसळ नळी आणावी, तिने मूळच्या तळाची पातळी काढून खुंट्या ठोकू. खुंट्या लोहार दादांनी द्याव्यात. मोजण्याची पट्टी मी आणली आहे. 1972 साली तळ कोठे होता हे ज्या म्हाताऱ्यांच्या ध्यानात आहे, त्यांना बैलगाडीतून आणण्याची सोय करावी. आणि ज्यांच्या मोटारी आहेत त्यांनी अवश्य यावे. आधी त्यांनाच बोलू द्यायचे आहे.